धातू, रात्रपाळीत

पॉटरूममध्ये घड्याळ नेत नाहीत.
विजेचा प्रवाह एवढा, की काटे जागच्या जागी थिजतात,
किल्ली तळहातावर फणा काढून उभी राहते.
माझा काळ म्हणून लॉकरमध्ये असतो,
आणि काळ शिकायला मी बसतो
पावणेतीनच्या चहाला, उलट्या बादलीवर,
सोहारच्या स्मेल्टरमागे, क्रिसान्तोसमोर.

क्रिसान्तो फोर्कलिफ्ट चालवतो.
इलोइलोच्या सेमिनरीतून शेवटच्या वर्षी बाहेर पडला,
का, ते सांगत नाही.
लॅटिन मात्र बरोबर आलं, म्हणतो,
बुटातून वाळू खोलीवर येते तसं.

हजेरीपटाच्या पाठीवर तो लिहितो: पोर्तारे. वाहणे.
शेवटचं रे खोड. काय उरलं?
पोर्ता.
याला हात लावायचा नाही,
बाकीचं बाहेरून येऊन चिकटतं.
पोर्तास, तू वाहतोस. पोर्तात, तो.
पोर्तामुस, आपण सगळे.
आणि मी?
पोर्तो.
आ कुठे गेला?
गिळला, म्हणतो. 'मी' आला की तेवढा गिळला जातो.
एकोणीस वर्षं बाहेर काढलेल्या माणसाला
हा नियम दोनदा सांगावा लागत नाही.

आमच्या शाळेत याला धातू म्हणत.
लोट्याच्या एमआयडीसीत लागलो, तिथेही धातूच.
इथे नऊशे साठ अंशांवर,
वरचं कवच फोडलं की खालून चेहऱ्यावर येतो तोही.
इतकी वर्षं एकाच शब्दाने दोन्हीकडे राबवलं,
माझ्या लक्षात आलं नाही.

पोर्ताबामला मात्र क्रिसान्तो अडतो.
त्याचं इंग्रजी माझ्याएवढंच.
वाहिलं, असं नाही. वाहत होतो, एवढंच नाही.
रोज, परत परत, कधी थांबलं ते न सांगता...
मी म्हणतो, थांब, हे आमच्याकडे आहे.
वडील पगाराच्या दिवशी खारी आणीत.
आई ती डब्यात लपवी.
मी पळत फाटकापर्यंत जाई.
जाई, जाई, तो म्हणून बघतो,
आणि चहा गार होतो.

मग फेरो आलं. तेही वाहणेच.
फेरो, फेर्रे, तुली, लातुम.
लातुम ऐकून लातूरच्या वाघमोडेने कप खाली ठेवला.
चार रूपं एका क्रियापदाची,
कॅम्पच्या खोलीतल्या आम्हा चौघांसारखी,
एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही.
पाठ कर, क्रिसान्तो म्हणाला, मूळ शोधू नकोस.
पण आमचं जातो, आमचं गेलो,
ज कुठे आणि ग कुठे,
हा एकच माणूस आहे हे आम्ही न विचारता मानलंच ना.

प्रमिला फोनवर विचारते, कशाला शिकताय?
पगार वाढणारे?
नाही.
मग?
म्हटलं, नियम आहेत. आणि अपवाद आधी सांगून ठेवतात.
ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली,
टाकीचा व्हॉल्व गळतोय, माणूस मिळत नाही.

मार्चमध्ये क्रिसान्तोचा करार संपला.
जाताना एक कागद दिला, ग्रीसचे डाग पडलेला:
वेनिओ, वेनिरे, वेनी,
चौथी जागा मोकळी. अभ्यास, म्हणाला.
खाली बारीक अक्षरात:
वेनित म्हणजे येतो. वेनित म्हणजे आला.
लिहायला एकच. फरक फक्त स्वराच्या लांबीचा,
तो कानाने ओळखायचा.

मी वहीत उतरवून घेतलं.
देवनागरीतही ए एकच आहे,
आखूड कुठला, लांब कुठला, दिसत नाही.

परवा प्रमिलाला म्हणालो, येतो.
पलीकडून खरखर.
काय म्हणालात, तिने विचारलं, आलात?